एवढी घाई कुठं होती, मोरीनी?

४ मार्च, वुनिसेया

ब्रायोनी,

बोट आज आली नाही. ती गुरुवारी येते असं म्हणतात, म्हणजे कधी शुक्रवारी येते, कधी पुढच्या सोमवारी, आणि समुद्राचं बिनसलं असेल तर त्याचं त्याला वाटेल तेव्हा. मी सकाळी साडेसहापासून धक्क्यावर उभी होते. उभी अशी मी एकटीच. बाकी सगळं गाव झाडाखाली चटया टाकून पसरलं होतं. बोट येत नाही असं कळलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. उठले, चटया गुंडाळल्या आणि घरी गेले. मी आणखी तासभर तिथेच उभी राहिले. का, ते विचारू नकोस.

हे माझं पाचवं पत्र. आधीची चार परत आली नाहीत, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आहे. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, तेव्हा पत्रच लिहायचं. ते तुझ्या पेटीत पडतं तरी. मग तू त्याचं काय करतेस, हे बघायला मी तिथे नाही.

इथे येऊन सात महिने झाले. निघण्यापूर्वी स्वयंसेवक पाठवणाऱ्या संस्थेने आम्हाला एका खोलीत बसवून सांगितलं होतं, की फिजीतल्या बेटांवर आयुष्य संथ असतं, तीन आठवड्यांत सवय होते. सवय झालेला एखादा माणूस मला दाखवा म्हणावं. सत्तावीस वर्षं मी आपल्या बॅलरॅटच्या रुग्णवाहिका नियंत्रण कक्षात काढली. तिसरी घंटा वाजायच्या आत फोन उचलायचा, तीस सेकंदांत पत्ता घ्यायचा, गाडी सोडायची. तेच ज्ञान मी इथल्या दवाखान्याला द्यायला आले आहे: वायरलेस यंत्रणा बसवायची, कुणी कधी कुणाला कळवायचं याचा तक्ता करायचा. तक्ता मी पहिल्याच आठवड्यात केला. तो भिंतीवर आहे. त्याच्या खिळ्याला कुणीतरी टोपी अडकवून ठेवतं.

ॲन्टेनाचा खांब उभा करायचा होता. त्यासाठी गावच्या सहा बैठका झाल्या. सहाही बैठकांत मी मांडी घालून बसले आणि सहाही वेळा माझ्या पायांना मुंग्या येऊन बैठक संपली. मुखिया इनोके दर वेळी म्हणायचा, बघू, बोलू. शेवटी मीच फावडं घेतलं आणि खड्डा खणला. कुणी अडवलं नाही. पुरुष येऊन बसले, पाहत राहिले, एकाने तर मला शहाळंही दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्डा बुजवलेला होता, आणि माझं फावडं धुऊनपुसून माझ्या दाराशी उभं करून ठेवलेलं होतं. ती जमीन ज्याची, त्या सेमी म्हाताऱ्याला कुणी अजून रीतसर विचारलंच नव्हतं. बैठका चालल्या होत्या त्या, त्याला कोणत्या दिवशी विचारावं, यासाठी. महिन्याभराने विचारलं. तो लगेच हो म्हणाला.

हा सेमी माझा शेजारी. त्याची बायको लोसालिनी, सत्तरीच्या पुढची. गाव तिला बुबू म्हणतं, म्हणजे आजी, तेव्हा मीही म्हणते. इथे जेवायला बसलं की दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारतात, ये जेवायला. पहिला महिनाभर मी दर वेळी थांबून सांगायचे, नको, आभारी आहे, कामात आहे, आत्ताच खाल्लंय, पोटाला सोसत नाही. एके दिवशी बुबू म्हणाली, "मोरीनी, अगं तुला जेवायला कोण बोलावतंय? तू दिसलीस एवढंच सांगते." मॉरीनचं इथे मोरीनी झालं आहे.

असो. त्या दिवसाबद्दल मी याही पत्रात काही लिहिणार नाही. तुला ऐकायचं असेल तेव्हा सांगेन.

आई

१९ मार्च

बोट आली. पत्र नाही.

पोस्टाची पिशवी दवाखान्यात उघडतात. वासेमाथा, आमची नर्स, पत्रं वाटत होती आणि मी तिच्या खांद्यावरून डोकावत होते. सगळी वाटून झाल्यावर तिने ती पिशवी उलटी करून मला झाडून दाखवली. म्हणाली, "तुमची लेक तुमच्यावर गेली नाही म्हणायची. तिला घाई नाही."

मी हसले नाही. मग थोडी हसले.

३० एप्रिल

ब्रायोनी,

सेमी गेला. मंगळवारी सकाळी त्याच्या छातीत कळ आली. मी वायरलेसवर होते. सगळं बरोबर केलं, शब्द न शब्द: माणसाचं वय, श्वास, रंग, जवळच्या इस्पितळाची वेगवान बोट, तिला लागणारा वेळ. चार तास. मी दर पाच मिनिटांनी वेळ ओरडून सांगत होते. सेमीचं डोकं बुबूच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या कपाळावरून हात फिरवत त्याला काहीतरी सांगत होती, नेहमीच्या आवाजात, घरातलं काहीतरी. दीड तासाने वासेमाथाने माझ्या हातातून तो वायरलेसचा ठोकळा काढून घेतला. तेव्हा मला दिसलं की तो केव्हाच गेला होता, आणि हे माझ्याखेरीज सगळ्यांना कळलं होतं.

शुक्रवारी दफन झालं. सगळं गाव टेकडीवर गेलं. मी घर सांभाळायला मागे राहिले, कुणी सांगितलं नव्हतं, मीच म्हटलं.

मी मदतच करत होते, हे आधी लिहून ठेवते. घरात पाय ठेवायला जागा नव्हती, पाहुण्यांच्या चटया, भांडी. आणि कोपऱ्यात त्याची निजायची चटई अजून अंथरलेली, उशीला डोक्याचा खळगा. खुंटीवर त्याचे तीन सुलू, इथल्या लुंग्या, त्याच्या घामाच्या वासाचे. मला वाटलं, ती बाई टेकडीवरून उतरणार आणि पहिलं हेच पाहणार. मी चटई गुंडाळली. उशी उन्हात टाकली. तिन्ही सुलू साबण लावून धुतले आणि दोरीवर वाळत घातले. त्याचा चष्मा, विड्यांची डबी, जाळं विणायची सुई, सगळं एका खोक्यात घालून चिकटपट्टी लावली. वर नावही लिहिलं. मग कोपरा झाडून घेतला. दीड तास लागला. मला फार बरं वाटत होतं, ब्रायोनी. चार दिवसांत पहिल्यांदा.

ती आली. कोपऱ्याकडे पाहिलं. बाहेर गेली, दोरीवरून एक सुलू काढला, पाणी गळत होतं त्यातून, तो मांडीवर घेऊन पायरीवर बसली. नाकाला लावून पाहिला. माझ्याकडे न बघता म्हणाली,

"एवढी घाई कुठं होती, मोरीनी? तो काही बोट पकडायला निघाला नव्हता."

तिचा आवाज चढला नव्हता. बायका तिच्याभोवती बसल्या आणि मला कुणी उठ म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. इथे शंभर दिवस दुखवटा पाळतात. किनाऱ्यासमोरच्या खडकाळ भागात काठी रोवून तिला कापड बांधलं आहे. शंभर दिवस तिथे कुणी मासे धरणार नाही. सेमीच्या पुतण्याने केस न कापायचं व्रत घेतलंय. माणूस हळूहळू जाऊ द्यायचा अशी इथली रीत आहे. आणि मी त्याचा वास साबणाने धुऊन टाकला चौथ्या दिवशी.

आज तीन दिवस झाले, तिच्या दारावरून जाते तर हाक येत नाही. ती जेवत असते, मला दिसतं. मला भांडण जमतं, ओरडाआरडा जमतो. गप्प राहणं जमत नाही. आमच्या कामात पलीकडचा माणूस गप्प झाला याचा एकच अर्थ.

तू आता काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणू नकोस. किंवा म्हण. पण मग लिहून म्हण.

आई

९ मे

ब्रायोनी,

वासेमाथाशी बोलले. तिने आधी सगळं ऐकून घेतलं, मग कपाळाला हात लावला. म्हणाली, तोंडी माफीने भागणार नाही. यांगोनाची मुळी घेऊन जायचं, तिच्यासमोर ठेवायची आणि बसायचं. बोलायचं आपण नाही. आपल्या वतीने दुसरं कुणी बोलतं. माझ्यासाठी इनोके बोलेल. ही मुळी कुटून पाण्यात कालवून पितात ते तुला एका पत्रात लिहिलं होतं, चव चिखलाची. पण अशी अख्खी मुळी पुढे ठेवली तर तो शब्द असतो. समोरच्याने तिला हात लावला की झालं गेलं संपलं.

मी विचारलं, साधारण किती वेळ लागतो?

"ती हात लावेपर्यंत."

तरी साधारण?

"एरवी पटकन होतं, दोन वाक्यांत. बुबूचं सांगता येत नाही. तुम्हाला फोनवर बाळंतपणाला विचारत होते का कुणी, साधारण किती वेळ?"

रोज विचारायचे, मी म्हणाले. वासेमाथा हुशार आहे, तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मलमाच्या डब्या लावत बसली.

काल गेलो. इनोकेने मुळी ठेवली आणि मान खाली घालून बोलला, माझ्या चुकीचं वर्णन त्याने माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं केलं. बुबू केवड्याच्या पातींची चटई विणत होती. ती विणतच राहिली. इनोके बसला. मी बसले. भिंत, चटई, तिचे हात, पुन्हा भिंत. मी मनातल्या मनात वायरलेसच्या सगळ्या खुणेच्या आकड्यांची उजळणी केली. मग उलटी केली. चाळिसाव्या मिनिटाला दवाखान्याकडून वायरलेसची शिटी ऐकू आली. माझी कंबर आपोआप उचलली गेली, ब्रायोनी, खरं सांगते, मी उठायचं ठरवलं नव्हतं. पाहते तर मी दारात, आणि मागे इनोके कपाळ चोळतोय.

शिटी हवामानाची होती. रोज त्या वेळी होते.

परत आले तोवर मुळी इनोकेच्या हातात होती. उठलं की मोडलं. पुन्हा पहिल्यापासून. त्याने मला दोन आठवडे थांबायला सांगितलं, आणि वाटेत म्हणाला, "बाई, तुमचा खड्डा पुन्हा बुजला." त्याला त्याच्याच विनोदाचं इतकं हसू आलं की तो नारळाला टेकून उभा राहिला. गावात आता मला लहान पोरंही 'बाई, बसा' म्हणतात.

मला रात्रभर झोप नाही असं लिहिणार होते, पण झोप येते. दिवस जात नाहीत.

आई

२४ मे

ब्रायोनी,

या वेळी बुबूकडे घड्याळ घरी ठेवून गेले, तेव्हा किती वेळ ते सांगता येणार नाही. सकाळचं जेवण आटोपलेलं होतं, आणि संपलं तेव्हा कोंबड्या घरात शिरत होत्या.

पहिला काही वेळ मी तिच्यावर चिडले. म्हटलं, काय थाट चाललाय म्हातारीचा. मग स्वतःवर चिडले. मग पाय इतके बधिर झाले की चिडायला जागा उरली नाही. इनोके बसल्या बसल्या पेंगला. बुबू मध्येच उठली, अळकुड्या उकडायला टाकून आली, पुन्हा पाती ओढायला लागली. कोपऱ्यात सेमीची चटई पुन्हा अंथरलेली होती. उशीवर तिने मूठ दाबून खळगा केला होता. तो खळगा सेमीच्या डोक्याचा नव्हता, लहान होता, तिच्या मुठीएवढा. मी त्याच्याकडे पाहत राहिले, दुसरीकडे बघायला काही नव्हतंच. आणि मला तुझी ती खोली दिसायला लागली. उठता येत नव्हतं, म्हणून ती दिसतच राहिली.

शेवटी तिने हातातली पात खाली ठेवली, पुढे झुकली आणि मुळीवर तळवा ठेवला. इनोकेने टाळ्या वाजवल्या आणि पाय सोडवायला बाहेर गेला. मला वाटलं आता ती म्हणेल, ठीक आहे. ती म्हणाली, "याआधी कुणाचं घर आवरलंस?"

मी तिला सांगितलं. तुलाही आता सांगते, तुला माहीत असलं तरी, कारण मी ते तोंडाने कधीच उच्चारलं नाही. गेल्या सात-आठ पत्रांत मी 'तो दिवस', 'ती गोष्ट' असं लिहीत आले. तर ती गोष्ट ही.

तुझं बाळ अडतिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. मुलगी. तू बेंडिगोच्या इस्पितळात तीन दिवस होतीस. डेक्लन तुझ्याजवळ होता आणि घराची किल्ली माझ्याजवळ. मी त्या तीन दिवसांत पाळणा खोलून त्याच्या फळ्या बांधल्या. खण रिकामे केले. पिवळ्या भिंतींना पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि दुसरा हात लवकर वाळावा म्हणून पंखा लावून ठेवला. सगळं गाडीत घालून दानाच्या दुकानात देऊन आले. तू दारातून आत आलीस, सरळ त्या खोलीकडे गेलीस. तिथे रंगाचा वास होता आणि मी हातमोजे काढत उभी होते. तू विचारलंस, "आई, हे तुला कुणी सांगितलं होतं?" मी म्हणाले, सांगायला कशाला हवं. मला स्वतःचा अभिमान वाटत होता. हे मी बुबूलाही सांगितलं. मग तू हात पुढे केलास. मला वाटलं तू मला जवळ घेणार. तुला किल्ली हवी होती.

दोन वर्षं मी लोकांना सांगत आले, की तिला ते पाहावं लागू नये म्हणून केलं. तुझ्या मावशीला सांगितलं, संस्थेच्या मुलाखतीत त्या पोरसवदा बाईला सांगितलं. खोटं नाही ते. पण खरंही नाही. मला ते पाहवत नव्हतं. माझ्या हातून काहीतरी व्हायला हवं होतं आणि करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी तुझं उचललं. तुला तिथे बसायचं होतं. पाळण्याशेजारी जमिनीवर बसायचं होतं, आठवडा, महिना, तुला हवं तितकं. ती जागा मी झाडून टाकली.

बुबूने मला थोपटलं वगैरे नाही. तिने विचारलं, "मग तिच्या दारात बसलीस का?"

मी म्हटलं, तिने किल्ली परत घेतली.

"दाराबाहेर बसायला किल्ली लागत नाही."

मी म्हटलं, आमच्याकडे असं दारात बसलं तर शेजारी पोलिसांना बोलावतात. ती म्हणाली, मग तू काय केलंस? मी म्हणाले, इथे आले. ती म्हणाली, "लांब आलीस." आणि अळकुड्या उतरवायला गेली.

मी सेवा करायला आले नाही, ब्रायोनी. मी पळाले. तुझं मौन बॅलरॅटच्या स्वयंपाकघरात ऐकवत नव्हतं, म्हणून मी असं ठिकाण शोधलं जिथे मला कुणीतरी रोज काम देईल. त्यांनी मला असं गाव दिलं जिथे कामच निघत नाही. नशीब तरी बघ.

ही पत्रं म्हणजे तुझ्या दारात बसणं आहे, असं काल मला वाटलं. मग आज वाटलं, नाही, आधीची सगळी तशी नव्हती. ती शिटी ऐकून उठण्याचाच प्रकार होता. उत्तर आलं का, आलं का. हे पत्र मी टाकते आणि उत्तर मागत नाही.

आई

६ जून

मागत नाही असं लिहिलं. पण आज बोट आली आणि मी पिशवीपाशी पहिली होते. खरं ते लिहिते.

२ जुलै

ब्रायोनी,

संस्थेचं पत्र आलं: मुदत ऑगस्टअखेर संपते, वाढवून हवी का. मी ताबडतोब 'नको' लिहिलं. मग फाडलं आणि 'हो' लिहिलं. मग वासेमाथाने दोन्ही कागद बघितले आणि ते आपल्या खणात टाकले. म्हणाली, बोट जाईल त्या सकाळी मागा.

मन ठिकाणावर नाही. परवा मी ठरवलं की सरळ विमानाने यावं आणि तुझ्या रस्त्यावर गाडीत बसून राहावं. बॅग अर्धी भरली. मग आठवलं की तुला तेच आवडणार नाही, की मी माझ्या वेळेवर आले. बॅग तशीच अर्धी भरलेली पडली आहे. भरत नाही आणि रिकामीही करत नाही. बुबू म्हणते, पडू दे, तिचं काही नासत नाही.

हाक पुन्हा येते. ये जेवायला. मी आता 'हो, दिसले' म्हणते आणि कधी कधी बसते. दोघी मिळून तासभर काही बोलत नाही. मला अजून त्रास होतो त्याचा. पायाचा अंगठा हलतच राहतो. ती एकदा त्याच्यावर हात ठेवून म्हणाली, "याला सांग, आपण पोचलो." तो दोन मिनिटं थांबला.

सेमीच्या खोक्याची चिकटपट्टी तिने अजून काढलेली नाही. मी काढू का विचारलं नाही. विचारलं नाही, हे मुद्दाम लिहिते आहे.

आई

३ ऑगस्ट

ब्रायोनी,

काल शंभरावा दिवस झाला. सकाळी खडकांवरची काठी उपटली, पुतण्याचे केस कापले, बुबूचे काळे कपडे उतरवून बायकांनी तिला रंगीत नेसवलं. ते सोहळ्याचं मी लिहीत बसत नाही. मला एकच सांगायचं आहे आणि ते सांगायला मी सकाळपासून चार कागद फाडले.

जेवणाआधी बायका बुबूच्या घरात गोल बसल्या. सेमीचं नाव घेऊन झालं, मग प्रत्येकीने आपापल्या घरातून गेलेल्यांची नावं घ्यायची. एकेक करत, सावकाश. कुणी पाच घेतली, कुणी अकरा. पोटात गेलेली, दोन दिवसांची, समुद्रावर गेलेली, सगळी. नाव घेतलं की बाकीच्या ते एकदा म्हणतात, बस्स. माझ्यापर्यंत आलं. मी माझ्या आईचं नाव घेतलं, त्यांनी म्हटलं. तुझ्या वडिलांचं घेतलं, कीथ. त्यांना ते म्हणता येईना, 'किथी' झालं, आम्ही सगळ्या हसलो. मी पुढच्या बाईकडे पाहिलं.

बुबू म्हणाली, "आणि ती?"

मला वाटलं मी ऐकलंच नाही असं करावं. पण गोल थांबला होता. इथे गोल थांबला की थांबतो.

मी म्हणाले, मला तिचं नाव माहीत नाही.

वासेमाथाला वाटलं मला फिजी भाषेत नीट सांगता आलं नाही. तिने मला परत विचारलं, हळू आवाजात, नाव ठेवलं नव्हतं का? मी म्हणाले, ठेवलं होतं. मला माहीत नाही.

एका बाईच्या मांडीवर बाळ होतं, तिने त्याची टोपी नीट केली. मग बुबू म्हणाली, "तर मग विचार," आणि मान पुढच्या बाईकडे वळवली. नावं पुढे चालू झाली. जेवण झालं, मी जेवले, भांडीही घासली. आणि काल दुपारपासून मला दुसरं काही ऐकू येत नाही.

तुम्ही दोघांनी नाव शेवटपर्यंत गुपित ठेवलं होतं. जन्मल्यावरच सांगणार होतात, मी चिडवायचे त्यावरून. मग ती गेली. मी इस्पितळात आले तेव्हा डॉक्टरांना विचारलं, डेक्लनला कागदपत्रांचं विचारलं, तू काही खाल्लंस का विचारलं. तिला पांढऱ्या दुपट्यात गुंडाळून तू धरलं होतंस आणि मी तुझ्या पलंगाचा खाली आलेला कठडा वर करत होते. नाव मी विचारलं नाही. आमच्या कामात पहिला प्रश्न पत्त्याचा. पत्ता मिळाला की गाडी निघते, नावाचं पुढे बघता येतं. पुढे तू मला तिच्या दफनाला बोलावलं नाहीस, आणि ते बरोबर केलंस, तेव्हा तिथेही ते माझ्या कानावर पडलं नाही.

पण हे सगळं नाही. हे एवढंच असतं तर मी काल सांगून टाकलं असतं.

त्या खोलीच्या दारावर लाकडी अक्षरं होती, ब्रायोनी. पाच. डेक्लनने कापून घासून पिवळी रंगवलेली. तुला इस्पितळात नेलं त्याच आठवड्यात त्याने लावली असणार, मी आधी पाहिली नव्हती. मी शिडी घेतली आणि एकेक स्क्रू काढला, मागून पुढे, शेवटच्या अक्षरापासून. बाळाच्या मोज्यांच्या पिशवीत टाकली. पिशवी गाडीत, गाडी दुकानाकडे. एक 'ए' होता. कदाचित दोन होते. काल रात्री ती मी डोळे मिटून जुळवून बघितली, पण जुळत नाहीत, कारण मी ती बघितलीच नव्हती. मी स्क्रू बघत होते. सत्तावीस वर्षं मी हुंदक्यांतून, अर्ध्या शब्दांतून माणसांचे पत्ते ओळखले. आणि माझ्या नातीचं नाव माझ्या हातात होतं, अक्षर न अक्षर, आणि मी ते वाचलं नाही. साडेचारला तुमची गाडी यायची होती.

माफी नंतर माग, आत्ता ती मागायला तोंड नाही, असं मीच मला सांगते आहे. हे दुसरं आहे. हे तू मला द्यावंस असा माझा काही हक्क नाही हेही मला कळतं. इथल्या बायकांना ते एकदा म्हणायचं आहे आणि मला ते पहिल्यांदा म्हणायचं आहे.

तिचं नाव काय आहे, ब्रायोनी?

आई